उभ्या गाडीची थरथर
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना मी एकदाच भाषण केलं होतं. लोकमान्यांच्या पुण्यतिथीला उभा राहिलो आणि तिसऱ्या वाक्यावर अडकलो, ते बाईंनी हाताला धरून खाली नेईपर्यंत. त्यामुळे संयोजकांचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. ते म्हणाले, "अरे, ग्रुपवर रोज जे सांगतोस तेच इथे सांग. फक्त सगळ्यांना एकदाच सांग, म्हणजे तुझाही त्रास वाचेल." हे मला पटलं.

आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा सोडल्या तर सर्वांत जास्त वेळा आलेला निरोप असा आहे: "सिग्नलला गाडी उभी केली की थरथरते. काय असेल?" त्याखाली सहा जणांची सहा उत्तरं असतात. एक म्हणतो फाउंडेशन गेलं, दुसरा म्हणतो प्लग बदल, तिसरा म्हणतो पेट्रोलमध्ये भेसळ आहे, आणि चौथा, तो कोण ते तुम्हाला माहीत आहे, म्हणतो, विकून टाक. आपल्याकडे हा प्रश्न जास्त येणारच. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालते कमी आणि उभीच जास्त असते. थरथर आहे का, हे तपासायला आपल्याला भरपूर वेळ मिळतो.

तर आज याच विषयावर बोलतो. यात माझी एक चूकही सांगणार आहे. ती ज्यांच्या बाबतीत झाली ते सर समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी परवानगी दिली आहे. "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग," असं म्हणाले.

आधी इंजिन थरथरतंच का, ते बघू. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे आणि पाय ॲक्सिलरेटरवर नाही, या अवस्थेला पुस्तकात आयडलिंग म्हणतात, आम्ही गॅरेजवाले 'स्लो' म्हणतो. पेट्रोल गाडीत तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला १६०० धक्के, सेकंदाला २६-२७. तीन सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला २०. म्हणूनच पूर्वीची मारुती ८०० उभी असताना जरा जास्त कुरकुरायची आणि प्रीमियर पद्मिनी, वजनदार आणि चार सिलिंडरची असल्यामुळे, वेगळी वाटायची. आताही कितीतरी छोट्या गाड्या तीन सिलिंडरच्याच येतात. तेव्हा नवी गाडी घेतली आणि जुनीपेक्षा थोडी जास्त थरथरते, तर आधी सिलिंडर मोजा. तो दोष नसेलही.

हे धक्के सारखे पडले की आपल्याला एक बारीक गुणगुण जाणवते. ती अंगावर येऊ नये म्हणून इंजिन रबरावर बसवलेलं असतं. त्या रबराच्या बैठकीला आम्ही फाउंडेशन म्हणतो. म्हणजे थरथर दोन कारणांनी वाढू शकते. एक तर धक्केच वेडेवाकडे पडताहेत, नाहीतर धक्के ठीक आहेत, पण ते अडवणारं रबर गेलं आहे. सगळं निदान या एका फाट्यावरून सुरू होतं. गडबडही इथेच होते, कारण गाडीत बसलेल्याला दोन्ही सारखंच लागतं. आरसा हलतो, स्टिअरिंग हलतं, सीट हलते.

तुम्हाला सातवीचा वर्ग आठवतो का? रेल्वेच्या बाजूचा. लोकल गेली की सगळ्या खिडक्या थोड्या थोड्या वाजायच्या, पण मालगाडी गेली की मागच्या खिडकीचं एकच तावदान थडथड वाजायचं. आम्ही त्यात कागदाची घडी कोंबायचो. सरांनी तेव्हा अनुनाद समजावला होता. प्रत्येक वस्तूची हलण्याची स्वतःची एक गती असते, बाहेरचा धक्का त्या गतीने आला की ती वस्तू जोरात हलते. गाडीत तेच होतं. आरसा थरथरतो म्हणून आरशात दोष नसतो. कागदाची घडी घालून आवाज थांबेल, मालगाडी थांबणार नाही.

आता दोन कारणं वेगळी कशी ओळखायची? पहिलं साधन म्हणजे तुमचं स्वतःचं अंग. डोळे मिटून बसा. फाउंडेशन गेलं असेल तर थरथर बारीक, भरभर आणि एकसारखी येते, हाताला मुंग्या आल्यासारखी. एखादा सिलिंडर पेटत नसेल, म्हणजे आमच्या भाषेत गाडी मिसिंग मारत असेल, तर सेकंदाला सहा-सात असे संथ हिसके बसतात. मध्येच चुकतात, परत बसतात. कारण ८०० फेऱ्यांवर एका सिलिंडरची पाळी सेकंदाला सहा-सात वेळाच येते, आणि तीच प्रत्येक वेळी फुकट जाते. एकदा हा फरक कळला की तुम्ही मेकॅनिककडे जाऊन "थरथरते" म्हणणार नाही, "हिसके बसतात" किंवा "झणझणते" म्हणाल. तेवढ्यानेही त्याचं अर्धं काम होतं.

दुसरं साधन म्हणजे सायलेन्सर. गाडी उभी करून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब हाताचा पंजा धरा. आत घालू नका, भाजेल, आणि बंद गॅरेजमध्ये हे करू नका, तो धूर विषारी असतो. हवा सारखी येत असेल तर ठीक. फुस्, फुस्, मग एक खाली, असं होत असेल तर मिसिंग आहे.

तिसरं म्हणजे प्रश्न. मी गाडीला हात लावण्याआधी पाच प्रश्न विचारतो. थंड इंजिनला होतं की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढतं का? सीएनजीवर होतं की पेट्रोलवरही? रेस दिली की जातं का? आणि शेवटचा प्रश्न: गाडीत अलीकडे आणखी काही वेगळं वाटतं का, भले त्याचा याच्याशी संबंध नसला तरी? हा पाचवा प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हतो. तो का विचारायला लागलो ते पुढे सांगतो.

या उत्तरांतून काय कळतं? एसी लावला की इंजिनवर बोजा पडतो. तेवढ्यापुरती हवा वाढवून फेरे सांभाळले जायला हवेत. ते पडत असतील तर थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल. ती साफ करणं हे पाऊण तासाचं काम आहे. फेरे ठीक आहेत, पण पंखा चालू झाला की थरथर येते आणि पंखा थांबला की जाते, तर इंजिनला हात लावू नका, पंख्याचं पातं तुटलेलं आहे का बघा. फक्त सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर नाही, असं असेल तर आधी प्लग आणि कॉइल बघा, मग गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते. थकलेला प्लग पेट्रोलवर वेळ मारून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. दोन्हींवर सारखंच होत असेल तर दोष खुद्द इंजिनच्या बाजूला शोधायचा. स्पीडब्रेकरवर खाली घासल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकलाय का, ते खाली वाकून बघा. त्याला खर्च शून्य.

मिसिंग आहे हे ठरलं, तर कोणता सिलिंडर? पूर्वी आम्ही प्लगची वायर काढून बघायचो आणि शॉक खायचो. आताच्या गाडीत इंजेक्टरचा प्लग एकेक करून सोडवायचा. चांगल्या सिलिंडरचा सोडला की इंजिन पडतं. ज्याचा सोडल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला असतो. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावायची. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर, त्याची वायर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. स्कॅनर लावला तर तोही सांगतो, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पण तो फक्त घर दाखवतो, घरात आजारी कोण आहे ते सांगत नाही. आणि एक लक्षात ठेवा. इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटलेला असेल तर सावकाश गॅरेजला या. तो लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि एका कॉइलचं काम कितीतरी पटीने वाढतं.

फाउंडेशनची तपासणी बॉनेट उघडून करायची. चाकांखाली विटा, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभं नाही. आत बसलेल्या अनुभवी माणसाने पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडायचा, मग रिव्हर्स टाकून तसंच. इंजिन थोडं कलणारच. पण उसळून ठक्कन आपटलं तर रबर फाटलं आहे. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत फाउंडेशन लवकर जातात, हे खरंच आहे. फक्त प्रत्येक थरथर फाउंडेशनची नसते.

आणि आपल्या भागाचं म्हणून एक. २६ जुलै २००५ आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१९ ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती. त्या दिवसांत कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर चावी फिरवली नाही त्यांची इंजिनं वाचली. पण वाचलेल्या गाड्याही महिना-दोन महिन्यांनी थरथरत यायला लागल्या. कनेक्टरच्या आत हिरवा गंज चढलेला. म्हणून पाण्यात राहिलेल्या गाडीचे कनेक्टर उघडून, वाळवून, साफ करून घ्या. इंजिनवर जोराच्या पाण्याचा फवारा मारून धुणाऱ्यांनाही हेच सांगतो, प्लगच्या खड्ड्यात पाणी जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिसिंग मारते.

आता उंदराची गोष्ट. आपल्यातलीच एक मैत्रीण, बदलापूरहून रोज गाडीने नोकरीला जाते. तिची गाडी हिसके द्यायला लागली. एका ठिकाणी तिला सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, ४५ हजार. मुलाच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली एफडी मोडायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. मोडायच्या आधी तिने फोन केला, एवढं बरं केलं. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची वायर उंदराने कुरतडली होती. वायर जोडली, वर कवच चढवलं, चहा पिऊन ती घरी गेली. यात माझी काही हुशारी नाही. मी फक्त आधी बघितलं आणि मग बोललो. पण हे मला कोणी शिकवलं ते ऐका.

दहावीनंतर मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, काही वर्षं दुसऱ्याकडे काम केलं आणि मग अंबरनाथमध्ये स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. २०११ साली एक दिवस आपले विज्ञानाचे सर गाडी घेऊन आले. जुनी, छोटी, कार्ब्युरेटरची गाडी, तीन सिलिंडरची. विद्यार्थ्याचं गॅरेज म्हणून मुद्दाम बदलापूरहून आले होते. मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. सर म्हणाले, "उभी राहिली की थरथरते. चालायला लागली की बरी असते. आणि ब्रेकही हल्ली जरा जड लागतो."

मी पहिलं वाक्य ऐकलं आणि बाकीची दोन ऐकलीच नाहीत. म्हणालो, "सर, फाउंडेशन गेलंय." तिन्ही फाउंडेशन बदलली, वर स्लोचा स्क्रू थोडा वाढवून दिला. २८०० रुपये घेतले. नवीन रबर आणि वाढलेला स्लो, त्यामुळे थरथर कमी वाटायला लागली. मीही खूश, सरही खूश. पंधरा दिवसांनी सर परत आले, थरथर परत आली होती. मी म्हणालो, "सर, तीन सिलिंडरची जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." सर काही बोलले नाहीत. मान हलवून गेले.

दोनेक महिन्यांनी, पावसात, संध्याकाळच्या गर्दीत सरांची गाडी पुलाच्या चढावर बंद पडली. काकूंना दवाखान्यात न्यायचं होतं. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि बंद पडलेल्या गाडीचा ब्रेक दगडासारखा घट्ट. गाडी थोडी मागे सरकलीसुद्धा. सरांनी हँडब्रेक ओढला म्हणून थांबली. काकूंना रिक्षाने न्यावं लागलं. त्या बऱ्या आहेत, आज इथे आल्याही आहेत. पण त्या दिवशी मागे एखादा स्कूटरवाला अगदी चिकटून असता तर मी आज इथे उभा राहून हे हसत सांगू शकलो नसतो.

मी गाडी ओढून आणली. पोरांना गप्प केलं, बाजूचा ग्राइंडर बंद करायला लावला आणि बॉनेटखाली कान दिला. सूं... असा बारीक आवाज येत होता. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून ब्रेकच्या बूस्टरकडे एक रबरी नळी जाते. इंजिन जी हवा ओढतं त्याच ओढीवर बूस्टर आपला ब्रेक हलका करतो. ती नळी खालच्या बाजूने, क्लिपपाशी चिरली होती. त्या चिरेतून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. स्लोला इंजिनला मुळातच हवा थोडी लागते, त्यामुळे तेवढी फुकटची हवाही पेट्रोलचं प्रमाण बिघडवते आणि इंजिन थरथरतं. चालताना हवा भरपूर लागते, त्यात ती जाणवत नाही. आणि ओढ बूस्टरपर्यंत पुरती पोचत नाही, म्हणून ब्रेक जड. सरांची तिन्ही वाक्यं एकाच नळीबद्दल होती. त्यांनी मला निदान जवळजवळ हातात दिलं होतं. मी फाउंडेशन बदलून आणि स्लो वाढवून तावदानात कागदाची घडी घातली होती.

नळी आणायला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो. तिथे स्पेअर पार्टचे एक सिंधी शेठ होते. उल्हासनगरचा माल म्हणून लोक हसतात, पण मला धंद्यातला सचोटीचा पहिला धडा तिथल्याच माणसाने दिला. मी कॉइल मागायला गेलो की ते म्हणायचे, "बेटा, पहले चेक करके आ. अंदाज से ले जाएगा तो वापस नहीं लूँगा." तेव्हा मला राग यायचा. त्या दिवशी नळी हातात घेतली तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. नळी ८० रुपयांची होती.

नळी बसवून, स्लो परत खाली आणून मी गाडी घेऊन सरांच्या घरी गेलो, २८०० रुपये पाकिटात घालून. मला वाटलं होतं सर म्हणतील, राहू दे रे. सरांनी पाकीट घेतलं, पैसे मोजले, खिशात ठेवले. मग म्हणाले, "हे बरोबर झालं. नळीचे किती?" आणि ८० रुपये काढून दिले. वर मजुरी विचारली. मी नको म्हणालो तर म्हणाले, "केलेल्या कामाची घ्यायची. न केलेल्याची नाही."

मग आतून चहा आला आणि सर म्हणाले, "तुझी प्रयोगवही आठवते मला. तू निष्कर्ष आधी लिहायचास, पुस्तकातून बघून. मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरायचास. मला कळायचं, पण मार्क द्यायचो. तिथे चूक माझीही आहे."

मित्रांनो, हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. कारण ते खरं होतं. लोलकाचा प्रयोग न करताच मी आंदोलनं लिहिली होती. तुमच्यातही काही जण खाली बघताहेत, मला दिसतंय.

तेव्हापासून गॅरेजमध्ये एक लांबट वही आहे. तीन रकाने: गिऱ्हाईक काय म्हणालं, आम्ही काय पाहिलं, काय निघालं. पहिला रकाना गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायचा, संबंध नसलेलं वाटलं तरी. तिसरा रकाना भरल्याशिवाय नवीन पार्ट आणायचा नाही. माझ्याकडे काम शिकणारी मुलं सुरुवातीला कंटाळतात. त्यांना मी ती जुनी चिरलेली नळी दाखवतो. वहीच्या शेजारीच खिळ्याला टांगलेली आहे.

म्हणून तुमच्याकडे दोनच मागणी आहेत. गॅरेजमध्ये जाताना रोग सांगू नका, लक्षणं सांगा, सगळी सांगा. आणि कोणी म्हणालं की अमुक बदलावं लागेल, तर शांतपणे विचारा, "हे कशावरून ठरवलंत? मला दाखवाल का?" चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही, टॉर्च घेऊन बॉनेट उघडतो.

जेवणानंतर मी मागच्या पटांगणात आहे, स्कॅनर आणि टॉर्च आणलाय. ज्यांची गाडी थरथरते त्यांनी किल्ली घेऊन या. आज पैसे नाहीत. पण सरांनी सांगितलंय, वही ते लिहिणार आहेत.